औषधाने स्मरणशक्ती वाढते काय?

आजचा विषय प्रश्नरूपाने मांडला असला तरी त्याचे उत्तर शेवटपर्यंत राखून ठेवण्याचा आमचा विचार नाही. निरोगी प्रौढ माणसाची शिकण्याची शक्ती आणि स्मरणशक्ती भरवशाने व निर्धोकपणे वाढवील असे औषध आजमितीस उपलब्ध नाही. काही औषधांनी काही कामांत, काही माणसांना, थोडासा फरक पडतो. तो फरक किती, कोणाला आणि कोणत्या किंमतीला, एवढेच आम्हांला सांगावयाचे आहे.

हा विषय डॉक्टरांचा. कामगार चळवळीतल्या माणसाने त्यात का पडावे, असे कोणी विचारील. त्याचे कारण असे की हा प्रश्न आमच्याकडे रोज येतो. रात्रशाळेत जाणारा पंचेचाळिशीचा कामगार, खात्याच्या परीक्षेला बसणारा कारकून, जुने यंत्र जाऊन नवे आले म्हणून पुन्हा शिकावयास लावलेला फिटर, रातपाळीला संगणकासमोर बसणारी मुलगी, या सर्वांची तक्रार एकच असते: "भाऊ, वाचलेले डोक्यात राहत नाही. काही गोळी आहे का?" औषधांच्या दुकानात स्मरणशक्तीच्या बाटल्यांची एक फळी भरलेली असते, आणि पगाराच्या दिवशी त्यांतली एखादी बाटली घरी जाते. प्रश्न पैशाचा आहे, प्रकृतीचा आहे आणि हक्काचाही आहे.

आमच्यापाशी वैद्यकाची पदवी नाही. मात्र मालकाशी होणारा करार सही करण्यापूर्वी ओळ न् ओळ वाचण्याची सवय आयुष्यभर लागलेली आहे. तीच सवय आम्ही या औषधांच्या बाबतीत चालविली. करार वाचताना आम्ही जे विचारतो तेच येथेही विचारावे: हे कोण म्हणतो? किती माणसांवर पाहून म्हणतो? कशाशी तुलना करून म्हणतो? आणि त्याचा खर्च कोणी केला?

प्रथम स्मरण म्हणजे काय ते पाहू. कारखान्याच्या स्टोअरचा दाखला घ्या. माल फाटकातून आत येतो, मग तो नोंद होऊन फडताळावर लागतो, आणि मागणी आली की शोधून काढला जातो. स्मरणाचेही असेच तीन टप्पे आहेत: ग्रहण, साठवण आणि आठवण. फाटकावरचा माणूस पेंगत असेल तर माल आतच येणार नाही. ही अवधानाची गोष्ट झाली. माल आत आला पण फडताळावर लागला नाही तर उद्या सापडणार नाही. हे काम मेंदू पुष्कळसे झोपेत उरकतो. आणि नीट लावलेला मालही वरचेवर काढला नाही तर मागे पडतो. हेरमान एबिंगहाउस या जर्मन संशोधकाने १८८५ साली स्वतःवर प्रयोग करून दाखविले की निरर्थक अक्षरांची यादी पाठ केली, तर ती पुन्हा पाठ करताना तासाभरानंतर निम्म्याहून कमी श्रम वाचतात आणि एका दिवसानंतर सुमारे एक तृतीयांशच वाचतात. विसरणे हा रोग नव्हे. ती निरोगी मेंदूची रीत आहे. हे ध्यानात ठेवले म्हणजे पुष्कळ जाहिरातींचा जोर तेथेच ओसरतो.

आता औषधांकडे वळू. सर्वांत जुने आणि सर्वांना ठाऊक असलेले म्हणजे चहा-कॉफीतील कॅफीन. मेंदूत थकवा साचत जातो तसा ॲडेनोसिन नावाचा पदार्थ आपले काम करून झोपेची जाणीव उत्पन्न करतो. कॅफीन त्याची जागा अडविते, म्हणून झोप उडाल्यासारखी वाटते. थकवा जात नाही, थकव्याची वर्दी तेवढी थांबते. याविषयीचा एक जुना प्रयोग सांगण्याजोगा आहे. १९११ साली अमेरिकन सरकारने कोकाकोलावर कॅफीनवरून खटला चालविला. तेव्हा कंपनीने हॅरी हॉलिंगवर्थ या मानसशास्त्रज्ञाकडून परीक्षा करवून घेतली. त्याने १६ माणसांवर ४० दिवस प्रयोग केला. काही पुड्यांत कॅफीन, काहींत नुसती साखर. कोणाला काय मिळाले हे घेणाऱ्यालाही ठाऊक नाही आणि परीक्षा घेणाऱ्यालाही नाही. पैसा कंपनीचा होता, म्हणून निकाल कसाही लागला तरी तो प्रसिद्ध करण्याची मोकळीक त्याने आधीच करारात मागून घेतली. कॅफीनने कामाची चपळाई काहीशी वाढते असे त्याला आढळले, आणि मात्रा वाढली की काहींची झोप बिघडते असेही आढळले. शंभराहून अधिक वर्षे झाली तरी या निष्कर्षात फारसा बदल झालेला नाही. कॅफीन फाटकावरच्या माणसाला जागे करते. फडताळे लावून देत नाही.

कॅफीनहून पुष्कळ जालीम अशी उत्तेजके म्हणजे ॲम्फेटामिनचा वर्ग. हे द्रव्य १८८७ साली बर्लिन येथे लाझार एडेलेआनू या रुमानियन रसायनज्ञाने बनविले. १९३० नंतरच्या दशकात ते चोंदलेल्या नाकाचे औषध म्हणून अमेरिकेत विक्रीस आले आणि झोप उडविण्याचा त्याचा गुण लवकरच लोकांच्या ध्यानात आला. दुसऱ्या महायुद्धात त्याच्या जातभाईला, मेथॅम्फेटामिनला, सरकारी आश्रय मिळाला. जर्मन सैन्याला १९४० च्या एप्रिल ते जुलै या अवघ्या चार महिन्यांत पेर्व्हिटिन व तत्सम गोळ्या साडेतीन कोटींवर पुरविण्यात आल्या.

जपानमध्ये तेच औषध १९४१ पासून फिलोपॉन या नावाने विकले जाई. ग्रीक भाषेत या नावाचा अर्थ 'श्रमाची आवड' असा होतो! सैनिकांना ते दिलेच, पण युद्धसामग्रीच्या कारखान्यांतील कामगारांनाही रात्रंदिवस राबविण्यासाठी दिले. युद्ध संपले, साठे बाजारात आले, आणि व्यसनाची साथ पसरली. १९५१ साली कडक कायदा करावा लागला. तरी १९५४ या एका वर्षात पन्नास हजारांहून अधिक लोकांना या गुन्ह्याखाली अटक झाली. कामाची आवड गोळीने उत्पन्न करण्याचा हा हिशेब एका राष्ट्राने चुकता केला. कामगारांच्या मुलांना इतिहास शिकविताना हा पाठ वगळू नये.

कोणी म्हणेल, तो काळ निराळा. आता सौम्य औषधे निघाली आहेत. खरे आहे. मेथिलफेनिडेट हे औषध १९४४ साली सीबा कंपनीच्या लेआंद्रो पानित्सोन या रसायनज्ञाने तयार केले आणि पत्नी रिटा हिच्या नावावरून त्याचे रिटालिन असे नाव ठेवले. अवधानाचा विकार असलेल्यांना ते वैद्याच्या देखरेखीखाली दिले जाते, आणि त्यांना त्याचा खरोखर उपयोग होतो. मोडॅफिनिल हे दुसरे. ते फ्रान्समध्ये शोधले गेले आणि अवेळी अनावर झोप येण्याच्या रोगासाठी अमेरिकेत १९९८ साली मान्य झाले. परदेशांतील विद्यापीठांत निरोगी विद्यार्थी परीक्षेच्या दिवसांत ही औषधे चोरून घेतात, हे वर्तमानपत्रांतून आपण वाचतो. त्यांना त्यातून काय मिळते?

२०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात निरोगी, न थकलेल्या प्रौढांवरचे अनेक प्रयोग एकत्र करून पाहण्यात आले. मेथिलफेनिडेटने आठवण, टिकून राहणारे अवधान आणि मनाला आवर घालणे यांत फरक पडला, पण तो अल्प ते मध्यम. मोडॅफिनिलचा फरक त्याहूनही लहान. ॲम्फेटामिनच्या प्रचलित प्रकाराचा तर लक्षात घेण्याजोगा फरकच दिसला नाही. त्यापूर्वी २०१५ साली मोडॅफिनिलवरील २४ प्रयोगांचा आढावा निघाला होता. त्यात आखणी व निर्णयाच्या गुंतागुंतीच्या कामांत काही लाभ दिसला. स्मरणशक्तीत मात्र फारसा नाही. आणि हे ध्यानात ठेवावे की असे प्रयोग बहुतेक एकेका मात्रेचे असतात. महिनोन् महिने गोळी घेऊन अभ्यास केलेला निरोगी माणूस वर्षाअखेर अधिक शिकलेला असतो, असे त्यांनी सिद्ध होत नाही.

याहून उद्बोधक असे दोन प्रयोग आहेत. २०१३ साली अमेरिकेत ४६ निरोगी तरुणांना एकदा ॲम्फेटामिनची मिश्र गोळी व एकदा लटकी गोळी देऊन निरनिराळ्या परीक्षा घेतल्या. गुणांत जवळजवळ फरक पडला नाही. परंतु गोळी घेतलेल्यांना आपण अधिक चांगले काम केले असे मनापासून वाटले. दुसरा प्रयोग २०२३ सालचा. ४० निरोगी माणसांना ठराविक वजन मावेल अशी थैली अधिकात अधिक मोलाच्या वस्तूंनी कशी भरावी, असे कोडे घातले. मेथिलफेनिडेट, मोडॅफिनिल आणि ॲम्फेटामिन ही तिन्ही औषधे पाळीपाळीने दिली. माणसांनी औषधावर अधिक धडपड केली, अधिक चाली केल्या. पण चालींचा दर्जा घसरला. जे औषधाविना सरस होते, त्यांतले पुष्कळ औषध घेतल्यावर सरासरीच्या खाली गेले.

गिरणीत साचा चालविलेल्या माणसाला याचे नवल वाटणार नाही. साच्याची गती बेताबाहेर वाढविली की धागा अधिक तुटतो, आणि आवाज मोठा झाला म्हणजे कापड चांगले निघाले असे होत नाही. शास्त्रज्ञ हीच गोष्ट त्यांच्या भाषेत सांगतात. डोपामिन व नॉरॲड्रेनालिन ही मेंदूतील द्रव्ये कमी असली तर काम ढिले होते, बेताची असली तर उत्तम होते, आणि त्याहून वाढली तर पुन्हा बिघडते. म्हणून ज्याच्यात उणीव आहे त्याला औषध उपयोगी पडते, आणि ज्याचे प्रमाण मुळात ठीक आहे त्याला तेच औषध खाली ओढू शकते. निरोगी माणसाला फार मोठा लाभ का होत नाही, याचे कारण बहुधा येथे आहे.

आता किंमत. उत्तेजकांनी भूक मरते, नाडीची गती व रक्तदाब वाढतो, झोप उडते, सवय जडते, आणि क्वचित भ्रमही होतो. मोडॅफिनिलने डोके दुखते; क्वचित अंगावर गंभीर पुरळ उठते; आणि संततिनियमनाच्या गोळ्यांचा गुण कमी होतो, हे पुष्कळ स्त्रियांना कोणी सांगतच नाही. ॲम्फेटामिन व मेथिलफेनिडेट ही आपल्या देशात १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्याखाली येतात. चिठ्ठीवाचून ती मिळविणारा माणूस प्रकृतीबरोबर नोकरीही धोक्यात घालतो.

यावर कोणी म्हणेल, परदेशी औषधांचे राहू द्या, आपली ब्राह्मी काय वाईट? ब्राह्मीचा उपहास आम्ही करणार नाही. चरकसंहितेत मेध्य रसायने म्हणून मंडूकपर्णी, ज्येष्ठमध, गुळवेल आणि शंखपुष्पी ही चार सांगितली आहेत. ब्राह्मी या नावाने आपल्याकडे दोन निराळ्या वनस्पती ओळखल्या जातात: एक हीच मंडूकपर्णी, आणि दुसरी पाणथळ जागी वाढणारी जलब्राह्मी, जिला शास्त्रीय भाषेत बाकोपा म्हणतात. बाटलीत कोणती आहे हे लेबल वाचल्यावाचून कळत नाही. जलब्राह्मीवर लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत बरेच काम झाले. २००२ साली ऑस्ट्रेलियात चाळीस ते पासष्ट वयाच्या ७६ माणसांवर तीन महिने प्रयोग झाला. नवे शिकण्याचा वेग वाढला नाही, पण शिकलेले थोडे कमी विसरले गेले असे आढळले. नंतरच्या आढाव्यांतही काही परीक्षांत लाभ आणि काहींत नाही, असा मिश्र निकाल आहे. म्हणजे बाब अगदीच पोकळ नाही. परंतु प्रयोग लहान आहेत, परिणाम लहान आहे आणि तो दिसावयास महिने लागतात. परीक्षेच्या आधी आठ दिवस घेतलेल्या बाटलीला यातून कसलाच आधार मिळत नाही. पोट बिघडणे हा तिचा नित्याचा दोष आहे.

इतरांचा हिशेब थोडक्यात देतो. पिरासेटाम हे १९६४ साली बेल्जियममध्ये तयार झालेले औषध. त्याचे जनक कॉर्नेलियू जुर्जा यांनीच पुढे 'नूट्रोपिक', म्हणजे बुद्धीकडे वळविणारे, हा शब्द १९७२ साली प्रचारात आणला. शब्द जगभर गेला, पण निरोगी माणसाच्या बाबतीत पुरावा मागे राहिला. गिंको या झाडाच्या पानांचा अर्क अमेरिकेत पंचाहत्तरी व त्यापुढच्या ३,०६९ माणसांना किंवा लटक्या गोळ्यांशी तुलना करून कित्येक वर्षे देऊन पाहिला. २००८ साली निकाल आला: बुद्धिभ्रंश टळत नाही, पुढच्या वर्षी कळले की स्मरणशक्तीची घसरणही मंदावत नाही. डोनेपेझिल हे स्मृतिभ्रंशावरील औषध २००२ साली १८ वैमानिकांपैकी निम्म्यांना दिले, तेव्हा शिकविलेली कसरत त्यांच्या ध्यानात अधिक राहिली. बातमी मोठी झाली. पण नऊ माणसांवर कायदा करता येत नाही.

तर मग विसरभोळेपणाची तक्रार घेऊन येणाऱ्याला सांगावे काय? पहिली गोष्ट, तो निरोगी आहे की नाही हे पाहावे. थायरॉइडची उणीव, ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, मनाची खिन्नता, झोपेत श्वास अडकण्याचा विकार, दारू, तसेच झोपेच्या आणि सर्दीच्या कित्येक गोळ्या यांनी स्मरण मंदावते. हे कारण सापडले तर उपचाराने फरक पडू शकतो. शाकाहारी माणसांत ब-१२ ची उणीव विशेष आढळते, आणि तिची तपासणी रक्ताच्या साध्या परीक्षेने होते. अशा वेळी बुद्धीच्या बाटलीवर पैसे घालविणे म्हणजे छप्पर गळत असताना भिंतीला रंग देणे होय. आणि ज्यांना वैद्याने अवधानाच्या वा झोपेच्या विकारासाठी औषध दिले आहे, त्यांनी आमचे बोलणे ऐकून ते थांबवू नये. हे विवेचन त्यांच्याविषयी नाही.

दुसरी गोष्ट, अभ्यासाची रीत बदलावी. २००६ साली अमेरिकेत विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. काहींनी तो दोनदा वाचला. काहींनी एकदा वाचून, मिटवून, आठवेल तेवढे लिहून काढले. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा दोनदा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा त्यांना ४२ टक्के आठवले आणि लिहून पाहणाऱ्यांना ५६ टक्के. एवढा फरक एखाद्या गोळीने पडला असता तर तिच्या जाहिराती आगगाडीच्या डब्याडब्यांत लागल्या असत्या. पुस्तक मिटवून स्वतःला विचारावे, आणि तेच दोन दिवसांनी, आठ दिवसांनी पुन्हा विचारावे. याला दमडी लागत नाही.

पंचेचाळिशीनंतर डोके चालत नाही, हाही समज टाकून द्यावा. लंडनमधील टॅक्सीवाल्यांना परवान्यासाठी शहरातील सुमारे पंचवीस हजार रस्ते पाठ करावे लागत. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात अशा ७९ उमेदवारांच्या मेंदूची शिक्षणापूर्वी व काही वर्षांनी छायाचित्रे घेतली. जे ३९ उत्तीर्ण झाले त्यांच्या मेंदूतील स्मरणाशी संबंधित भाग मागच्या बाजूस वाढलेला दिसला. जे नापास झाले त्यांच्यात तो फरक नव्हता. ही सगळी प्रौढ माणसे, आणि बरीचशी पोटापाण्याच्या मागे असलेली. प्रौढ मेंदू शिकतो आणि शिकताना बदलतो. महात्मा फुल्यांनी १८५५ साली पुण्यात शेतकरी व मजुरांसाठी रात्रशाळा काढली ती हाच विश्वास धरून. विज्ञानाचा दाखला मागाहून आला.

तिसरी गोष्ट झोप, आणि येथे आमच्या चळवळीचा खरा संबंध येतो. २००३ सालच्या एका प्रयोगात ४८ निरोगी माणसांपैकी काहींना दोन आठवडे रोज सहा तासच झोपू दिले. अखेरीस त्यांचे अवधान रात्रभर जागलेल्या माणसाइतके ढासळले होते. परंतु त्यांना स्वतःला तितकी झोप आल्यासारखे वाटत नव्हते. आमची किती माणसे वर्षानुवर्षे सहा तासांहून कमी झोपतात, आणि मग वाचलेले राहत नाही म्हणून आपल्याच बुद्धीला दोष देतात!

या रोगावर गोळी काय करते तेही तपासले गेले आहे. रातपाळीमुळे ज्यांची झोप बिघडली अशा २०९ कामगारांवर मोडॅफिनिलचा प्रयोग २००५ साली प्रसिद्ध झाला. पाळीच्या वेळी डोळे मिटून पडले की ही माणसे सरासरी दोन मिनिटांत झोपत. औषध घेतल्यावर ती सुमारे पावणेचार मिनिटांत झोपू लागली. फायदा खरा, पण पावणेदोन मिनिटांचा. औषध घेऊनही ती माणसे गाढ पेंगुळलेलीच राहिली. ज्याला झोप हवी त्याला झोपेवाचून दुसरे औषध नाही.

उद्या याहून चांगली गोळी निघणारच नाही, असे आम्ही म्हणत नाही. प्रौढ माणसाने स्वतःच्या शरीराचे काय करावे हे त्याने ठरवावे, चहा घेतो तशी गोळी घेईल, असे म्हणणाऱ्यांचे म्हणणेही आम्ही ऐकून घेतो. आमचा प्रश्न एवढाच आहे की शेजारच्या टेबलावरचा माणूस गोळी घेऊन बारा तास बसू लागला आणि साहेबाने तोच मापदंड धरला, तर उरलेल्यांची निवड कितपत मोकळी राहील? वाढलेल्या उत्पादनाचा वाटा कोणाला आणि बिघडलेल्या प्रकृतीचा कोणाला, हे करारात कोण लिहील? फिलोपॉनच्या कामगारांना हे कोणी विचारले नव्हते. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नांनी मुंबईच्या गिरणी कामगारांना १८९० साली रविवारची सुट्टी मिळाली. १९४८ च्या कारखाने कायद्याने आठवड्याच्या कामाला ४८ तासांची मर्यादा घातली. ही विश्रांती कोणी दयेने दिली नाही. ती मेंदूचीही विश्रांती आहे, आणि गोळीच्या बदल्यात ती परत देण्यासारखा तोट्याचा सौदा नाही.

म्हणून ज्यांना शिकावयाचे आहे त्यांना आमचे सांगणे असे: बाटलीचे पैसे वहीला आणि पुस्तकाला लावा, तक्रार असेल तर रक्त तपासून घ्या, रोज थोडे आठवून लिहा आणि पुरेसे झोपा. ज्या संघटना व ज्या संस्था माणसांना नवे काम शिकावयास लावतात, त्यांना आमचे सांगणे असे: शिकण्याचे तास कामाच्या तासांत धरा, परीक्षेच्या आधीच्या आठवड्यात रातपाळी लावू नका, आणि मोहल्ल्यातील वाचनालय रात्री दहापर्यंत उघडे ठेवा. या मागण्या पुढच्या करारात घालता येतात, आणि आपल्या सभासदांनी त्या घालाव्यात.